मोटरचालित दुर्बीण : मांडणी आणि दोषनिदान

मोटरचालित दुर्बीण : आधाराच्या (माउंटच्या) एका किंवा दोन्ही अक्षांना विजेच्या मोटरी जोडलेली, आणि आकाशात सरकणाऱ्या वस्तूच्या मागे आपोआप फिरत राहणारी दुर्बीण. पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसतात. १०० पट विवर्धन देणाऱ्या साध्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) एका वेळी जेमतेम अर्धा अंश आकाश दिसते, त्यामुळे स्थिर दुर्बिणीतून शनी दोन मिनिटांत एका कडेने येतो आणि दुसऱ्या कडेने निघून जातो. मोटर ही गती भरून काढते. गो-टू प्रकारात त्यापुढची सोय असते : हँडसेटमधल्या (हातात धरायच्या बटणांच्या नियंत्रकातल्या) छोट्या संगणकात हजारो वस्तूंची स्थाने नोंदलेली असतात आणि नाव निवडले की नळी तिकडे वळते.

‘मोटर बिघडली’ ही हौशी निरीक्षकांची नेहमीची तक्रार, आणि ती बहुतेक वेळा खरी नसते. मोटर दिलेली आज्ञा पाळत असते. आज्ञाच चुकीची असते, वीज अपुरी पडते किंवा एखादा सांधा सैल असतो. नेम किती अंशांनी चुकला, कोणत्या दिशेला चुकला आणि दर वेळी तेवढाच चुकतो का, एवढे नीट पाहिले तर यंत्र न उघडताही कारण हाती लागते.

इतिहास : योझेफ फ्राउनहोफर यांनी १८२४ मध्ये डोर्पाट (आजचे टार्टू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीला वजनावर चालणारे घड्याळी यंत्र होते. तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असे. आज ‘जर्मन विषुववृत्तीय माउंट’ म्हणतात तो हाच घाट. वजनांची जागा पुढे विजेच्या मोटरींनी घेतली. संगणकाने दोन्ही अक्ष फिरवणाऱ्या दुर्बिणी हौशींच्या हातात सर्रास आल्या त्या १९९० नंतर. मीड कंपनीची एलएक्स २०० ही १९९२ ची मालिका त्यांतली गाजलेली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) किंवा वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेणारे मुंबईचे खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनात मोटरीचा उपयोग फार साधा आहे : रांगेतल्या प्रत्येकासाठी स्वयंसेवकाला गुरू पुन्हा शोधून द्यावा लागत नाही.

प्रकार : क्षितिजीय माउंट दिगंश (क्षितिजालगत आडवा) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वर-खाली) या दोन दिशांत फिरतो. तो मांडायला सोपा. पण ताऱ्यामागे जायला दोन्ही मोटरी सतत बदलत्या वेगाने चालाव्या लागतात आणि दृश्यक्षेत्र हळूहळू गोल फिरते. डोळ्याला हे जाणवत नाही, छायाचित्रात कडेचे तारे चापासारखे ओढले जातात. शिवाय वस्तू माथ्यावर आली की दिगंशाची मोटर तिच्या वेगाला पुरी पडत नाही. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे (पृथ्वीचा अक्ष आकाशात जिथे रोखलेला आहे त्या बिंदूकडे) रोखलेला असतो. त्यामुळे एकच मोटर, २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी या ठरावीक वेगाने चालली की काम भागते. केवळ पाहण्यासाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. लांब उघडझापेची (शटर बराच वेळ उघडे ठेवून) छायाचित्रे घ्यायची असतील तर दुसऱ्याला पर्याय नाही.

मोटरीची गती अक्षापर्यंत पोहोचते ती वर्म (मळसूत्री दांडा) आणि त्याच्या दातेरी चाकामार्फत. चाकाला १८० दाते असतील तर वर्मची एक फेरी सुमारे ४७९ सेकंदांत होते. वर्म घडवताना राहिलेला बारीकसा दोष दर फेरीला पुन्हा उमटतो आणि तारा आठ-आठ मिनिटांच्या तालात पुढे-मागे डुलतो. ही आवर्ती त्रुटी कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक माउंटमध्ये असते, तिला बिघाड म्हणता येत नाही.

मांडणी : तिपाई गच्चीवर ठेवताना दोन गोष्टी आड येतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. दुसरे म्हणजे शेजारून कोणी चालले तरी स्लॅबचा कंप नेत्रिकेत दिसतो. मैदानातली कडक जमीन दोन्ही दृष्टींनी बरी. तिपाई पाणसळीत असलीच पाहिजे हा समज मात्र अर्धाच खरा आहे. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला असेल तर तिपाई थोडी कलली तरी मागोव्यात फरक पडत नाही. फक्त अक्ष जुळवण्याचे स्क्रू फिरवताना एक दिशा दुसरीत मिसळते. क्षितिजीय माउंटला पाणसळीचा उपयोग पहिला तारा जवळपास सापडावा एवढ्यापुरता अधिक.

त्यानंतर समतोल. क्लच (अक्षाला मोटरीशी जोडणारी पकड) सैल करून नळी आणि काउंटरवेट (नळीचा भार तोलणारे वजन) असे सरकवावेत की हात काढल्यावर नळी आहे तिथेच राहील. नेत्रिका, शोधक (नेम धरायची छोटी दुर्बीण), कॅमेरा हे सगळे आधी चढवून मगच समतोल साधावा. नंतर चढवलेला कॅमेरा सगळे गणित बिघडवतो.

शोधक दुर्बीण मुख्य नळीशी दिवसाउजेडीच, दूरच्या टॉवरच्या टोकावर जुळवावी. हे करताना आणि एरवीही दिवसा गो-टूला मोकळे सोडू नये. एका वस्तूकडून दुसरीकडे जाताना नळी सूर्यावरून जाऊ शकते, आणि वस्तुभिंगावर सौर गाळणी नसेल तर क्षणभराची नजरही डोळा कायमचा घालवते. दिवसा नळी वळताना शोधकाचे झाकणही लावलेले हवे.

ध्रुवीय संरेखन (पोलर अलाइनमेंट) : ध्रुवताऱ्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते : पणजीत साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. युरोप-अमेरिकेतल्या मांडणीच्या सूचना ४० ते ५० अंशांच्या अक्षांशावर राहणारा वाचक गृहीत धरतात, आणि आपल्याकडच्या अडचणी तिथूनच सुरू होतात. इथे ध्रुवतारा क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात असतो. शहरात तो समोरच्या इमारतीने किंवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीने झाकलेला असण्याची शक्यता जास्त. अक्ष आडवा झाल्यामुळे काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या पायाजवळ येतो, आणि काही माउंटवर नळी फिरताना वजन चक्क पायावर आपटते. मोटर कण्हते, थांबते, आणि पुढचा प्रत्येक नेम चुकतो. तिपाई आणि माउंट यांच्यामध्ये एक छोटा खांब बसवणे किंवा दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला येईल अशी तिपाई फिरवणे, हे त्यावरचे उपाय.

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. सध्या तो सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे. अक्षाच्या पोकळीतली ध्रुवदुर्बीण असेल तर तिच्या वर्तुळावर तो त्या वेळी कुठे दिसायला हवा हे मोबाइलवरचे अॅप सांगते. होकायंत्र महाराष्ट्रात बऱ्यापैकी भरवशाचे आहे, कारण इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशाहूनही कमी ढळलेली आहे. पण लोखंडी तिपाईजवळ किंवा स्लॅबमधल्या सळ्यांवर ते ठेवले तर तो भरवसा संपला.

उत्तर दिसतच नसेल तर सरकण-पद्धत वापरावी. तिला वेळ लागतो, पण तिच्याइतकी प्रामाणिक कसोटी दुसरी नाही. दक्षिणेला, याम्योत्तरवृत्ताजवळ (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) आणि खगोलीय विषुववृत्ताच्या (दोन्ही खगोलीय ध्रुवांच्या मधोमधच्या वर्तुळाच्या) आसपासचा एक तारा रेघांच्या नेत्रिकेत धरावा, मोटर चालू ठेवावी आणि पूर्व-पश्चिम सरकण्याकडे दुर्लक्ष करावे. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्षाचे टोक ध्रुवाच्या पूर्वेला गेले आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. दिगंशाचे स्क्रू त्याप्रमाणे फिरवावेत. मग पूर्व क्षितिजाच्या थोडा वरचा तारा घ्यावा : तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पश्चिमेचा तारा घेतल्यास हा दुसरा नियम उलटा होतो. अक्ष एका अंशाने चुकला असेल तर सरकणे जास्तीत जास्त मिनिटाला १६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते. ग्रह पाहणाऱ्याला तेवढे चालते, छायाचित्रकाराला चालत नाही.

हँडसेटमध्ये भरायची माहिती : सर्वांत जास्त चुका इथे होतात. अनेक हँडसेट तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस अशी मागतात. ५ ऑगस्टला ०५/०८ टाकले की यंत्र ८ मे समजते, आणि त्याचे आकाश सुमारे ८८ अंशांनी सरकते. अभिजितकडे निघालेली नळी मग भलतीकडेच जाऊन थांबते. तेरा तारखेपासून पुढे यंत्र अशी तारीख नाकारते. म्हणून ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतलीच. प्रमाणवेळेचा फरक अधिक साडेपाच तास असा द्यावा लागतो. जुन्या यंत्रात अर्धा तास घेण्याची सोय नसेल तर फरक पाच तास द्यावा आणि वेळ घड्याळापेक्षा अर्धा तास मागची टाकावी. उन्हाळी वेळेचा पर्याय बंद हवा. अर्ध्या तासाची चूक म्हणजे साडेसात अंश आणि एका तासाची म्हणजे १५ : पहिलाच तारा पूर्व-पश्चिम दिशेत नेमका इतका हुकला तर माउंटकडे बोट दाखवण्याआधी वेळ तपासावी.

अक्षांश-रेखांश अंश आणि कलांत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मागितले जातात, नकाशाचे अॅप ते दशांशात देते. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश म्हणजे १८ अंश ३१ कला. तो १८ अंश ५२ कला असा टाकला तर २१ कलांचा फरक पडतो. रेखांश ७३.८५ टाकताना ही चूक पकडली जाते, कारण ८५ कला असूच शकत नाहीत. अक्षांशात ती दडून राहते. रेखांशापुढे ‘पूर्व’ निवडले आहे ना, हेही पाहावे. जीपीएस बसवलेल्या दुर्बिणीत ही कटकट नसते. पण जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर शून्यावर येते आणि असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला झाला. त्याची तजवीज नसलेली जुनी मॉड्यूल तारीख सुमारे साडेएकोणीस वर्षे मागची दाखवतात.

यानंतर तारे जुळवणे. दोन तारे एकमेकांपासून दूर, शक्यतो ९० अंशांच्या आसपास, क्षितिजाला न टेकलेले आणि माथ्यावर नसलेले निवडावेत. हिवाळ्यात रोहिणी आणि मघा, उन्हाळ्याच्या अखेरीला मघा आणि अभिजित अशा जोड्या सोयीच्या. हँडसेट इंग्रजी-अरबी नावे दाखवतो, आणि नवख्याची खरी अडचण ही की अल्डेबरन म्हणजे रोहिणी किंवा आर्क्टुरस म्हणजे स्वाती हे त्याला ठाऊक नसते. तो जवळचा कोणताही ठळक तारा मधोमध आणून बटण दाबतो. त्यासाठी आधी आकाश ओळखता यायला हवे. गो-टू घेतली म्हणून ही पायरी टळत नाही. तारा मधोमध आणताना शेवटची हालचाल नेहमी त्याच दोन बटणांनी करावी (वर आणि उजवीकडे, असा एका प्रचलित माउंटचा दंडक आहे), म्हणजे दात्यांमधली मोकळीक दर वेळी एकाच बाजूला राहते.

वीज : बहुतेक माउंट १२ व्होल्टवर चालतात. मध्यम आकाराचा माउंट मागोवा घेताना अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो, वेगाने वळताना दीड-दोन. घरातल्या वाय-फाय राउटरचा अडॅप्टरही १२ व्होल्टचा असतो आणि त्याची पिन पुष्कळदा बसते. पण तो सहसा एक अँपिअरचा. दिवा लागतो, हँडसेट उजळतो, तारीख भरून होते, आणि नळी वळू लागताच सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे लक्षण दिसले की दुसरे काही शोधू नये. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीला सहसा पुरते, मात्र ती पूर्ण चार्ज असावी आणि तार जाड व आखूड असावी. पिनचा मधला टोक धन असावा लागतो. उलट जोडणी मंडल (सर्किट) जाळू शकते.

‘नो रिस्पॉन्स’सारखा संदेश म्हणजे हँडसेट आणि मोटरीचे मंडल यांच्यातला संवाद तुटला. वायर काढून पुन्हा घट्ट बसवावी, टोके पुसावीत, दुसरी वायर लावून पाहावी. काही माउंटवर हँडसेटचे आणि स्वयंमार्गदर्शकाचे (छायाचित्रणात मागोवा आपोआप सुधारणाऱ्या उपकरणाचे) छिद्र दिसायला सारखेच असते. अंधारात वायर चुकीच्या छिद्रात जाते.

लक्षणांवरून निदान : प्रत्येक वस्तू एकाच दिशेला, एकाच अंतराने हुकत असेल तर जुळवणीचा तारा चुकला आहे किंवा नळी माउंटवर किंचित तिरपी बसली आहे. पूर्वेच्या वस्तू नीट सापडतात आणि नळी याम्योत्तरवृत्त ओलांडून उलटली की हुकतात, हे त्या तिरपेपणाचेच लक्षण. चूक दर वेळी वेगळी येत असेल तर आधी क्लच, मग तिपाईचे स्क्रू. मोटरीचा आवाज येतो पण नळी हलत नाही, तेव्हाही क्लचच सैल असतो.

नेम अचूक लागतो पण तारा मिनिटाभरात निघून जातो, तर मागोवा बंद आहे किंवा गोलार्ध ‘दक्षिण’ ठेवला आहे. या शेवटच्या चुकीत मोटर उलटी फिरते आणि तारा नेहमीच्या दुप्पट वेगाने पळतो. दिशा बदलल्यावर काही सेकंद काहीच घडत नाही आणि मग नळी हलते, याचे कारण दात्यांमधली मोकळीक. ती वर्म चाकाजवळ सरकवून कमी करता येते. जास्त घट्ट केले तर मोटर अडकते. स्टेपर मोटरवर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरवर) भार जास्त पडला की ती पावले गाळते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हो मोटर एन्कोडरकडून (फिरणे मोजणाऱ्या संवेदकाकडून) आपली जागा विचारत असते. तो धुळीने माखला किंवा वीज घसरली तर ती सुसाट सुटते.

वेगाने वळतानाची किरकिर स्वाभाविक आहे. टकटक किंवा खरखर आली तर मात्र लगेच थांबावे.

पावसाळा : कोकण-गोव्यात दुर्बिणीचे खरे नुकसान जून ते सप्टेंबर बंद पेटीत होते. भिंगांवर बुरशी चढते, वायरींच्या टोकांवर हिरवट थर येतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या निरभ्र रात्री ‘नो रिस्पॉन्स’ दिसते. पेटीत सिलिका जेल ठेवून ते अधूनमधून तापवून कोरडे करावे, सुटे सेल काढून ठेवावेत, बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि दोन्ही अक्ष घरातच थोडे फिरवावेत.