शांतता श्वास सोडण्यात असते

‘दीर्घ श्वास घ्या, मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळेल, मन शांत होईल.’ बेळगावात योगवर्गांच्या पत्रकांवर आणि व्हॉट्सॲपवर हे वाक्य सारखं भेटतं. मन शांत होतं हे खरं, पण सांगितलेलं कारण चूक आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने ९५ टक्के किंवा त्याहून जास्त भरलेलं असतं. आणखी भरायला जागा फारशी उरतच नाही. उलट भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. त्या चक्करेला कुणी ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हटलं तर कृपा करून विश्वास ठेवू नका.

मग निवांतपणा येतो कुठून? श्वास घेण्यापेक्षा तो सोडण्यातून.

हृदयात ठोके सुरू करणारा पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. सगळ्या मज्जातंतूंपासून तो तोडला तर मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास असते. हा फरक घडवतो मेंदूतून छाती-पोटात उतरणारा व्हेगस मज्जातंतू. चोर्ला घाट उतरणारा ड्रायव्हर ब्रेकवर पाय कमी-जास्त दाबत राहतो, तसा हा सतत हृदयाला आवरून असतो.

हे काम रसायनातून होतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला आणि त्यातलं क्षारद्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते नोडच्या पेशीवरच्या एम-२ ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, आत संदेश पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाचा बीटा-गॅमा नावाचा भाग सुटा होतो आणि पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो. धनभारित पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी आतून अधिक ऋण होते, आणि पुढच्या ठोक्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला तिला जास्त वेळ लागतो. लगेच एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलिनचे तुकडे करतं. म्हणून हा परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो आणि तितक्याच झटपट ओसरतो. ताणाच्या वेळचं नॉरॲड्रेनलिन मात्र कित्येक सेकंद घेतं. श्वासागणिक बदलणं त्याला जमत नाही.

व्हेगसला ते जमतं. श्वास घेताना मेंदूतलं श्वसनकेंद्र त्याच्या पेशींना दाबून धरतं, नाडी चढते. सोडताना त्या मोकळ्या होतात, नाडी उतरते. कार्ल लुडविग यांनी हे १८४७ मध्येच नोंदवलं होतं. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडा, बऱ्याच जणांना तो फरक बोटांखाली कळतो.

रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लय सुमारे १० सेकंदांची. मिनिटाला सहा श्वास घेतले की दोन्ही लयी जुळतात आणि नाडीचे चढउतार मोठे होतात. इटलीच्या लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. खानापूर-निपाणीकडच्या भजनात नाम लांबवून म्हणतात, तेव्हाही उच्छ्वास असाच लांबतो. यात एका धर्माची मक्तेदारी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

उद्यमबागेत फाउंड्रीची पाळी करणाऱ्याला किंवा वडगावच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या बाईला ‘मन रिकामं करा, आठवडाभर शिबिराला या’ सांगणं अन्यायाचं आहे. विचार चालू असले तरी व्हेगस काम करतो. पाळीच्या मधल्या सुट्टीत चार-पाच मिनिटं पुरेत, जोर न लावता, उच्छ्वास थोडा लांबवून.

वयानुसार नाडीचे हे चढउतार कमी होतात. मधुमेह जुना झाला की व्हेगसलाच इजा होऊ शकते. तेव्हा डॉक्टर रुग्णाला मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावून ईसीजी काढतात आणि नाडी किती हलते ते मोजतात.