कोलोनमधील ब्राउहाउस

जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या कोलोन शहरातील पारंपरिक बिअरगृहाला ‘ब्राउहाउस’ म्हणतात. पूर्वी मागच्या बाजूला बिअर तयार होत असे आणि पुढच्या दालनात ती विकली जात असे. आता अनेक ठिकाणी बिअर बाहेरच्या कारखान्यातून येते. १८८३ साली सुरू झालेले फ्रीझन रस्त्यावरील पेफगेन मात्र आपली बिअर आजही जागेवरच बनवते. ब्राउहाउसला केवळ मद्यगृह समजणे अपुरे ठरेल, कारण कोलोनच्या सामान्य माणसाचे रोजचे, बिनदिखाऊ जेवण जितके येथे टिकून राहिले आहे तितके शहरात अन्यत्र क्वचितच आढळते.

येथील खाद्यपरंपरेवर नदीचा ठसा आहे. रोमनांनी इ. स. ५० मध्ये या वस्तीला वसाहतीचा दर्जा दिला. पुढे १२५९ मध्ये कोलोनला असा हक्क मिळाला की, ऱ्हाईनवरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आपला माल येथे उतरवून तीन दिवस शहरवासीयांपुढे विक्रीस मांडावाच लागे. हा हक्क एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. खाली समुद्राकडून, म्हणजे नेदरलँड्सच्या बाजूने, खारवलेले हेरिंग मासे येत आणि वरच्या बाजूने द्राक्षमद्याची पिंपे येत. आजही ब्राउहाउसच्या यादीत हॉलंडचे गौडा चीज आणि हिवाळ्याच्या महिन्यांत शिंपले असतात, ते या जुन्या शेजारामुळेच.

ब्राउहाउसमध्ये मिळणारी ‘क्योल्श’ ही फिकट सोनेरी, हलकी कडवट बिअर होय. तिचे यीस्ट आंबवताना वर तरंगते, मात्र नंतर ती थंडीत मुरवली जाते. १९८६ साली चोवीस उत्पादकांनी केलेल्या करारानुसार कोलोन व लगतच्या काही ठिकाणीच बनलेल्या बिअरला हे नाव लावता येते. १९९७ पासून तिला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षणही आहे. ती ०.२ लिटरच्या अरुंद, सरळ पेल्यात देतात. हा पेला बव्हेरियातील एक लिटरच्या मगापुढे अगदीच लहान दिसतो, पण त्यामागे विचार आहे: क्योल्शचा फेस लवकर बसतो, म्हणून थोडी थोडी आणि सतत ताजी घेणे हेच तिला मानवते.

वाढण्याची पद्धत हा ब्राउहाउसचा खरा गाभा आहे. वाढप्याला ‘क्योबेस’ म्हणतात. निळा अंगरखा आणि लांब एप्रन हा त्याचा वेश. पेले बसवण्यासाठी खाचा असलेले, मध्यभागी उभी मूठ असलेले गोल तबक घेऊन तो बाकांमधून फिरत राहतो आणि रिकामा पेला दिसला की न विचारता भरलेला ठेवतो. प्रत्येक पेल्यामागे गिऱ्हाइकासमोरच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली जाते. शेवटी त्या रेघा मोजूनच हिशेब होतो, म्हणून चकती हरवू देऊ नये. पुरे झाले असेल तर तीच चकती पेल्यावर झाकायची. क्योबेसचे फटकळ बोलणे नवख्याला उद्धटपणाचे वाटते, परंतु तो या जागेचा मान्य रिवाज आहे आणि नियमित येणारे गिऱ्हाईक त्याला त्याच भाषेत उत्तर देते. घासून पांढरी पडलेली लांब लाकडी मेजे अनोळखी लोकांनी वाटून घ्यायची असतात. जागा मोकळी असल्यास विचारून बसावे, एवढाच शिष्टाचार. वकील आणि गवंडी शेजारी बसून जेवतात, ही गोष्ट कोलोनकर अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

जेवण साधे, पोटभरीचे असते. ‘हाल्वेर हान’ म्हणजे राईच्या पिठाचा लहान पाव, लोणी, मध्यम मुरलेल्या गौडाचा जाड काप, मोहरीची चटणी आणि कांदा. ‘हिमेल उन एड’मध्ये कुस्करलेला बटाटा व शिजवलेले सफरचंद यांवर डुकराच्या रक्तापासून केलेल्या सॉसेजचे परतलेले काप आणि तळलेला कांदा घालतात. सफरचंदाचा आंबटगोडपणा सॉसेजच्या तुपकट चवीला तोलून धरतो, म्हणून ती तीनही एकाच घासात घ्यावीत. आंबवणीत मुरवलेले मांस, म्हणजे ‘सोरब्रोडे’, पूर्वी घोड्याचे असे. आता ते बहुधा गोमांसाचे असते आणि त्याच्या रश्शात मनुका घालतात. किसलेल्या बटाट्याची ‘रीफकोखे’ ही कुरकुरीत धिरडी सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर किंवा बीटच्या काकवीसारख्या पाकाबरोबर खातात. अनेक ठिकाणी ती शुक्रवारी केली जातात, कारण कॅथलिक परंपरेत तो मांसवर्ज्य वार आहे. मांसाहार न करणाऱ्याला हाल्वेर हान व रीफकोखे चालतील, मात्र धिरड्याच्या पिठात सहसा अंडे असते.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत जुने शहर बहुतांशी नष्ट झाले. त्यामुळे आज प्राचीन भासणारी कित्येक दालने युद्धोत्तर पुनर्बांधणीतील आहेत. कॅथीड्रलशेजारचे फ्रू (१९०४) पर्यटकांनी गजबजलेले असते. नदीपलीकडे डॉइट्समधील लोमर्झहाइम हे १९५९ मध्ये उघडलेले पेयगृह याच्या उलट टोकाचे होय. त्याचा दर्शनी भाग कधी सजवलाच गेला नाही, आणि डुकराच्या मांसाच्या अवाढव्य जाड चापांसाठी लोक तेथे दाटीवाटीने बसत. २००४ च्या अखेरीस ते बंद झाले तेव्हा शहराला हळहळ वाटली. २००८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

कोलोनच्या साध्या खाण्याची दुसरी धारा तुर्की आहे. १९६१ च्या जर्मनी–तुर्कस्तान करारानंतर आलेल्या कामगारांपैकी अनेकांनी नील येथील फोर्डच्या कारखान्यात काम केले. त्यांच्या वस्तीतून म्युलहाइममधील कॉइपश्ट्रासे आणि आयगेलश्टाइन भागातील वाइडनगासे या गल्ल्या उभ्या राहिल्या. तेथे कोळशावर भाजलेले मांस, मसूर डाळीचे सूप आणि ताजा रुंद पाव मिळतो. कॉइपश्ट्रासेवर ९ जून २००४ रोजी नवनाझी गटाने खिळ्यांचा बॉम्ब उडवला व बावीस जण जखमी झाले. पुढे कित्येक वर्षे तपासयंत्रणा गुन्हेगार तेथील रहिवाशांतच शोधत राहिली, आणि तो त्या माणसांवर झालेला दुसरा अन्याय होता. सत्य २०११ मध्ये उघड झाले. गल्लीतील भटारखाने व मिठाईची दुकाने चालूच आहेत.