फोल्डर उडवला म्हणजे सॉफ्टवेअर गेलं?

विंडोजवर सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल होत नसेल, तर ‘प्रोग्राम फाइल्समधला त्याचा फोल्डर डिलीट करा, काम झालं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याने अडचण उलट वाढते. सॉफ्टवेअर काढून टाकणारा प्रोग्राम, म्हणजे अनइन्स्टॉलर, पुष्कळदा त्याच फोल्डरात असतो. फोल्डर गेला तरी इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीतलं नाव हटत नाही, कारण ती यादी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या, नोंदींवरून बनते. सर्व्हिस, ड्रायव्हर, शेड्यूल केलेली कामं यांच्या नोंदीही मागे उरतात.

आधी ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी अडलं, तर तीच आवृत्ती त्याच जागी परत इन्स्टॉल करा. काढायचंय तेच पुन्हा टाकायचं, हे विचित्र वाटेल. पण हरवलेल्या फाइल्स त्यामुळे परत येतात आणि मग अनइन्स्टॉल सहसा सुरळीत होतं. नाहीच झालं, तर बिघडलेल्या नोंदींसाठी मायक्रोसॉफ्टचा ट्रबलशूटर (अडचण शोधून दुरुस्त करणारं टूल) आहे. अँटिव्हायरससाठी मात्र त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल शोधा.

विंडोजच्या फोल्डरातला ‘इन्स्टॉलर’ हा लपवलेला फोल्डर जागा खातो म्हणून तो रिकामा करणारेही आहेत. काही सॉफ्टवेअर काढायला नेमक्या त्याच फाइल्स लागतात! आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी ‘साफ’ करणारे रजिस्ट्री क्लीनर? खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबा देत नाही.