पॅरोलच्या सुनावणीत पीडिताचं कोण ऐकतं?

या लेखात पॅरोल म्हणजे चार दिवसांची रजा नव्हे. उरलेली शिक्षा तुरुंगाबाहेर, अटी पाळत भोगण्याची ती मुभा. ती देताना पॅरोल मंडळापुढे मुख्य प्रश्न असतो, हा माणूस पुन्हा गुन्हा करेल का? पीडित मात्र बहुतेकदा घडून गेलेलं सांगतो. मंडळाची नजर पुढे, पीडिताची मागे. खरी अडचण इथेच आहे.

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये जेम्स रोलंड या प्रोबेशन अधिकाऱ्याने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) शिक्षा ठरवणाऱ्या न्यायाधीशापुढे पीडिताच्या हानीचा वृत्तांत ठेवायला सुरुवात केली. पुढे अशी निवेदनं पॅरोलपर्यंत पोचली. कॅनडात २००१ पासून पीडित सुनावणीत स्वतः निवेदन वाचू शकतो.

अशा निवेदनाने निकाल बदलतो का? अलाबामातल्या २००५ च्या अभ्यासात, पीडितांचा सहभाग असलेल्या प्रकरणांत पॅरोल जास्त वेळा नाकारला गेल्याचं दिसलं. न्यू जर्सीतल्या २०१० च्या अभ्यासात तसा ठळक परिणाम आढळला नाही. तिथे गुन्ह्याचं गांभीर्य आणि तुरुंगातली वागणूक यांचं वजन जास्त ठरलं. माझ्या मते ‘सोडा’ किंवा ‘सोडू नका’ यापेक्षा पीडिताचं म्हणणं सर्वांत उपयोगी पडतं ते अटींबाबत. संपर्क करायचा नाही, अमुक वस्तीत पाऊल टाकायचं नाही, हे नेमकं कुठे हवं ते पीडिताइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण त्याची किंमतही असते. कॅनडात निवेदन कैद्यालाही दाखवलं जातं, त्यामुळे लिहिताना हात आखडतो. आणि अनेक देशांत आधी नोंदणी केली नसेल तर सुनावणी कधी आहे हेच कळत नाही.

२०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दोन पीडित स्त्रियांनी लैंगिक अत्याचारांसाठी तुरुंगात असलेल्या एका टॅक्सीचालकाच्या पॅरोलवरच्या सुटकेला आव्हान दिलं. मंडळाने निर्णयाची कारणंही त्यांना सांगितली नव्हती, कारण नियमच तसा होता. सुटकेचा निर्णय रद्द झाला, तो त्यांचं दुःख मोठं होतं म्हणून नव्हे. त्याने आपल्या गुन्ह्यांबद्दल सांगितलेली हकीकत मंडळाने त्याच्यावरच्या इतर आरोपांशी ताडून पाहिलीच नव्हती, म्हणून. कारणं सरसकट लपवणारा नियमही न्यायालयाने बेकायदा ठरवला. आता तिथे पीडितांना निर्णयाच्या कारणांचा सारांश मागता येतो.