तरुणांची खोली वेगळी कशी झाली

चर्चमधला तरुण संघ म्हणजे मंडळीइतकीच, म्हणजे चर्चइतकीच जुनी गोष्ट, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ही व्यवस्था फार जुनी नाही. पूर्वी मुलं प्रश्नोत्तरी, म्हणजे धर्मशिक्षणाची सवाल-जवाबांची पुस्तिका पाठ करत, दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने पक्का करण्याचा विधी) झालं की चर्चमध्ये मोठ्यांच्या बाकांवर जाऊन बसत. मधली पायरी नव्हती, कारण मधलं वयच फारसं नव्हतं. हातपाय चालायला लागले की पोर कामाला जुंपलं जायचं.

या कामातूनच सुरुवात झाली. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रमालकाने रविवारची शाळा चालवली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी. आधी अक्षरओळख, आणि वाचायला बायबल. पुढे ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने सोबत्यांना घेऊन वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) सुरू केली. दिवसभर दुकानात उभं राहायचं, तिथेच वरच्या खोल्यांत झोपायचं, अशा पोरांची ती प्रार्थनासभा होती. तरुणांनी तरुणांसाठी उभी केलेली, आणि निरनिराळ्या पंथांची. त्याच दशकात इटलीतल्या तुरिनमध्ये जॉन बॉस्को हे कॅथलिक धर्मगुरू रस्त्यावरच्या मुलांना जमवून खेळ, हुन्नर आणि प्रार्थना एकत्र शिकवत होते.

पण आज ज्याला आपण तरुण संघ म्हणतो, त्याचा साचा २ फेब्रुवारी १८८१ रोजी तयार झाला. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) मुलामुलींना घरी बोलावून ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ची कल्पना मांडली. मुलं विश्वासाबद्दल उत्साही होती, पण त्या उत्साहाला काम नव्हतं. क्लार्क यांनी करमणूक वाढवली नाही, उलट अटी घातल्या. रोज प्रार्थना आणि बायबलवाचन, प्रत्येक सभेला हजेरी, आणि सभेत नुसतं बसायचं नाही, काहीतरी भाग घ्यायचा. निरनिराळ्या समित्या मुलांनीच चालवायच्या. एवढी कडक शिस्त पाहून मुलं पळतील असं आपल्यासारख्याला वाटेल. झालं उलटंच, काही वर्षांत ही चळवळ देशोदेशी पोहोचली. मग पंथांनी आपापले संघ काढले, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची एपवर्थ लीग १८८९ ची. वाढ झाली, पण पंथांच्या भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, हेही खरं.

पुढचं वळण हायस्कूलमुळे आलं. विसाव्या शतकात अमेरिकेतली बहुतेक मुलं हायस्कूलपर्यंत शिकू लागली आणि ‘टीनएजर’ नावाचा स्वतंत्र वर्ग तयार झाला. टेक्सासमधल्या गेन्सव्हिलला जिम रेबर्न यांनी ओळखलं की ही मुलं चर्चला येणार नाहीत, आपणच त्यांच्याकडे जायला हवं. १९४१ मध्ये त्यांनी ‘यंग लाइफ’ स्थापन केली. गाणी, विनोद, शिबिरं, आणि शेवटी येशूबद्दल साधं बोलणं. महायुद्धाच्या काळात ‘यूथ फॉर ख्राइस्ट’च्या शनिवारच्या सभा भरू लागल्या. मे १९४५ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर सुमारे ७०,००० लोक जमले. पुढे जगप्रसिद्ध झालेले धर्मोपदेशक बिली ग्रॅहम याच संघटनेचे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते.

या यशाची किंमत हळूहळू दिसली. १९७० नंतर मोठ्या मंडळ्यांनी पगारी यूथ पास्टर, म्हणजे खास तरुणांसाठीचे पाळक नेमले, तरुणांना स्वतंत्र खोली, स्वतंत्र संगीत, स्वतंत्र उपासना मिळाली. क्लार्कच्या मुलांकडे समित्या होत्या. या मुलांकडे कार्यक्रम होते, तेही मोठ्यांनी आखलेले. अठराव्या वर्षी खोली सुटली की मोठ्यांच्या बाकांवर ओळखीचं कुणीच नसायचं. माझ्या मते मुलं चर्चमधून ‘गळतात’ म्हणून आपण जी ओरड करतो, तिचं निम्मं उत्तर इथेच आहे.

२००५ मध्ये समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा डेंटन यांनी अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धर्माविरुद्ध बंड त्यांना फारसं आढळलं नाही. बहुतेकांची धर्माबद्दल तक्रार नव्हती, पण आपण काय मानतो हे त्यांना सांगताही येत नव्हतं. देव आहे, तो अडचणीत मदत करतो, आपण चांगलं वागावं, एवढ्यावर सगळं थांबायचं. आणि मुलांच्या श्रद्धेवर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा, तर आईवडिलांचा.