लीनता (ख्रिस्ती अध्यात्म)

लीनता म्हणजे आपण कोण आणि देव कोण हे नीट ओळखून, गर्व सोडून जगणं. स्वतःला सारखं कमी लेखायचं, "मी काहीच नाही हो" म्हणत राहायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो पण तो चुकीचा आहे. स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेसाने 16व्या शतकात सांगून ठेवलंय की लीनता म्हणजे सत्यात चालणं. अंगात टॅलेंट असेल तर ते नाकारायचं नाही, ते देवाने दिलंय एवढं विसरायचं नाही.

गर्व फार चिवट असतो. 4थ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअसने साधकाला छळणारे आठ विचार सांगितले, त्यात खादाडपणा आधी आणि गर्व अगदी शेवटी. गर्व चढला की साधकाला वाटतं हे सगळं चांगलं मी केलं, देवाची मदत लागलीच नाही. त्याच परंपरेतल्या जॉन कॅसियनने वाहवा मिळवण्याच्या हावेला कांद्याची उपमा दिली, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा तयारच. म्हणजे भारी कपडे घालून मिरवणं सोडलं तर साधे कपडे घालतो म्हणून मिरवणं सुरू, आणि हे ज्याने प्रामाणिकपणे स्वतःत पाहिलंय त्यालाच कळतं की नुसतं ठरवून लीन होता येत नाही.

म्हणून सगळं येशूपाशी येतं. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात म्हटलंय की त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, 13व्या अध्यायात तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. त्यातला एक शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला ही नम्रता वाटते, पण मला तरी यात गर्वच दिसतो, कारण दुसऱ्याची सेवा करणं एकवेळ जमतं पण कुणी आपली सेवा करत असताना गप्प बसून ती घेणं जास्त अवघड जातं. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, बऱ्याच चर्चमध्ये आजही पाय धुण्याचा विधी होतो.

रोजच्या साधनेत पापकबुली, सेवा, आणि कुणी चूक दाखवली की लगेच सफाई न देणं, हे येतं. संत बेनेडिक्टने 6व्या शतकात मठासाठी जे नियम लिहिले त्यांच्या 7व्या अध्यायात लीनतेच्या 12 पायऱ्या आहेत, त्यातली 5वी म्हणजे मनातले वाईट विचार मठाधिपतीपासून न लपवणं. ही पायरी सगळ्यात जास्त बोचते, कारण आपण मनात जपलेली इमेज तिथेच फुटते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो. त्यात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा (देवाला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) हिशोब देवाला ऐकवतो, आणि जकातदार, म्हणजे लोक पापी समजत तो करवसुली करणारा, लांब उभा राहून, वर न बघता, ऊर बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतली 'येशूची प्रार्थना' नावाची छोटी प्रार्थना याच हाकेने संपते आणि साधक ती श्वासाबरोबर पुन्हा पुन्हा म्हणत राहतात.