पोटखराब्यातला माळढोक

१८०९ ते १८२९ या काळात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबाने नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज अख्ख्या देशाच्या रानांत मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत. खापर बंदुकीवर फोडून मोकळे होता आले असते, पण १९६९ च्या सुमारास अंदाजे १,२६० पक्षी होते आणि १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. खरी घसरगुंडी त्यानंतरची आहे.

माळढोक मीटरभर उंच. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतला हा पैलवानच. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्या आवाजावरून काही भागांत त्याला 'हूम' म्हणतात. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर उबवते. ते कोल्ह्याने पळवले, कुत्र्याने खाल्ले किंवा गुरांच्या खुराखाली आले, तर बहुधा वर्षच वाया.

अशा पक्ष्याचे सगळे संरक्षण म्हणजे नजर. गुडघाभर गवत हवे, दूरवरचे दिसायला हवे. ज्वारी-भुईमुगाच्या कोरडवाहू रानात त्याचे भागत होते. नाकतोडे, भुंगेरे, शेंगा, बोरे, सगळे मिळायचे. सोलापूरकडे कालव्याचे पाणी आले, ऊस आला. उसात माणूस हरवतो, तिथे माळढोकाने काय पाहायचे? आणि उरलेला माळ सातबाऱ्यावर पोटखराबा, बोलण्यात पडीक. पडीक दिसले की झाडे लावायची, हे आपल्या अंगवळणी पडलेले पुण्यकर्म. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरही ग्लिरिसिडियाची झाडे लावली गेली. गवताळ रानाला झाडाची सावली मारक ठरते, हे अजूनही अनेकांच्या गळी उतरत नाही.

१९७९ साली नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याची हद्द सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. गावे, शेते, सगळे आत. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे हद्द कमी करून सुमारे बाराशेवर आणली.

राजस्थानात आता वीजतारांचे संकट आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. उडताना मान खाली घालून जमीन न्याहाळतो, त्यामुळे नेमके समोरचेच दिसत नाही. तार दिसेपर्यंत एवढे जड शरीर वळवायला वेळ उरत नाही.

जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. नान्नजला मात्र काळवीट कळपाने दिसतात; माळढोक एखादा दिसला, तरी पेपरात बातमी येते.